साहित्य, कृती आणि ऊस

रिमोटवर उडणारं लढाऊ विमान घरी बांधायला घेतलं की माणसाच्या आयुष्याचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात तो विमान बांधत असतो आणि दुसऱ्या भागात ते शोधत असतो. मधे साधारण दीड मिनिट उड्डाण असतं. ते दीड मिनिट पाच-सात मिनिटांवर न्यावं अशी ज्यांची माफक इच्छा आहे, त्या नवशिक्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांना शोधण्यातच गोडी वाटते त्यांनी शेवट आधी वाचला तरी हरकत नाही. त्यात ऊस आहे.

विषय बिजागऱ्यांचा. “विमानाला बिजागऱ्या? आपल्या कपाटाला आहेत तसल्या?” असं आमच्या घरातून विचारलं गेलं तेव्हा मी हसलो होतो. खरं उत्तर ‘हो, तसल्याच’ असं आहे. पंखाच्या मागच्या कडेला, टोकाकडे, वर-खाली हलणारी जी पट्टी असते ती एलेरॉन. फ्रेंच भाषेत ह्या शब्दाचा अर्थ छोटा पंख. एका बाजूची वर गेली की दुसऱ्या बाजूची खाली जाते आणि विमान कलतं. शेपटीच्या आडव्या पंखाला एलिव्हेटर, उभ्याला रडर, आणि मोठ्या पंखाच्या आतल्या अंगाला उतरताना खाली पडणारे फ्लॅप. इंजिन कितीही दांडगं असो, तुमचं म्हणणं विमानाला कळतं ते ह्या फळकुटांमधूनच, आणि ही फळकुटं लटकलेली असतात बोटाच्या पेराएवढ्या बिजागऱ्यांवर.

आता विमान कुठलं घ्यावं? पहिलं विमान फोमचं, उंच पंखाचं आणि संथ असावं, असं प्रत्येक जाणता माणूस सांगतो. प्रत्येक नवशिक्या मान डोलावतो आणि स्पिटफायर घेऊन घरी येतो. मीही आणलं. मार्क आठ, एकास सात प्रमाण. खऱ्याचा पंखविस्तार ३६ फूट १० इंच, म्हणून माझ्याचा ६३ इंच. आमच्या सोफ्याची लांबीही तेवढीच असल्यामुळे पाहुण्यांनी कुठे बसायचं हा प्रश्न सात महिने अनिर्णित राहिला. रंग ठरलेला होता. १९४४ मध्ये भारतीय हवाई दलाच्या आठ नंबरच्या स्क्वाड्रनला हेच स्पिटफायर मिळालं. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या विमानांच्या गोल चिन्हातून मधला लाल ठिपका काढून टाकलेला असे. जपानी विमानांवर लाल सूर्य असायचा, आणि घाईगर्दीत आपल्याच माणसाने आपलंच विमान पाडू नये म्हणून ही खबरदारी. उरला गडद निळा आणि त्याच्या आत फिका निळा. फील्डवर “लाल रंग संपला का हो?” असं विचारणारा एक तरी भेटतोच. त्याला उभं करून हा इतिहास सांगणं हे ह्या छंदातलं निम्मं सुख.

उरलेलं निम्मं सुख रिव्हेटमध्ये आहे. इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये फेविकॉल भरायचा, सुईचं टोक कापायचं आणि पंखावर ओळीने ठिपके देत सुटायचं. वाळले की रंगाखाली हुबेहूब रिव्हेट दिसतात. एका पंखाला मी अकराशे चाळीस ठिपके दिले, त्याला सव्वीस रात्री लागल्या. नंतर एका पुस्तकात वाचलं की खऱ्या स्पिटफायरच्या पंखावरचे रिव्हेट पत्र्यात बुडवलेले, सपाट असत. चाचण्यांच्या काळात, वर डोकं काढणारे स्वस्त रिव्हेट वापरले तर काय बिघडेल हे बघायला म्हणून स्पिटफायर बनवणाऱ्यांनी रिव्हेटांवर वाटाण्याच्या डाळीचा एकेक दाणा चिकटवून विमान उडवलं होतं. वेग ताशी २२ मैलांनी घटला. म्हणजे सव्वीस रात्री मी स्पिटफायरला डाळ चिकटवत बसलो होतो.

बिजागऱ्यांना मी किती वेळ दिला? ऑगस्टमधली एक संध्याकाळ. समोर टीव्हीवर क्रिकेट चालू होतं.

साहित्य

बिजागऱ्या ह्या छंदात नाना जातींच्या मिळतात. कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये आम्ही दोरीवर गोल फिरणारी विमानं उडवायचो तेव्हा एलिव्हेटरला जाड दोऱ्याने इंग्रजी आठच्या आकड्यासारखे टाके घालायचो. फुकटात काम व्हायचं आणि ते टाके कधी सुटले नाहीत. पण फुकट आणि न सुटणारी गोष्ट मोठेपणी कोण वापरतो? आता दुकानात सीए बिजागरी मिळते. ती म्हणजे चिवट पट्टी, दोन्ही अंगांना कापडासारखं अस्तर लावलेली. चिरेत बसवून वर पाण्यासारखा पातळ सीए गोंद पाच-सहा थेंब सोडला की वातीने तेल ओढावं तसं अस्तर तो गोंद आत ओढून घेतं. लहान विमानाला ही उत्तम. मात्र इथे घट्ट प्रकारचा सीए वापरू नये, तो तोंडाशीच बसतो आणि आत पट्टी कोरडी राहते.

सीए म्हणजे आपल्या घरातल्या फेविक्विकचाच भाऊबंद. १९४२ मध्ये अमेरिकेत हॅरी कूवर बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होता. हाती जे आलं ते ज्याला लागेल त्याला चिकटून बसे, म्हणून त्याने वैतागून ते बाजूला टाकलं. १९५८ मध्ये तोच वैताग बाटलीत भरून विकायला आला. पातळ सीएची बाटली उघडताना मांडीवर काही सांडणार नाही ह्याची काळजी घ्या. सांडल्यास पँट ओढू नका. हा सल्ला कुठून आला हे विचारू नका.

चार-साडेचार किलोच्या स्पिटफायरला ह्याहून भक्कम काहीतरी हवं. त्यासाठी खिळ्यासारखी बिजागरी असते. नायलॉनच्या दोन गोल दांड्या, दांड्यांना काटे, मधे सांधा आणि सांध्यात बारीक लोखंडी पिन. एक दांडी पंखात, दुसरी एलेरॉनमध्ये. प्रत्येक एलेरॉनला तीन. ह्यांच्यासाठी एपॉक्सी लागतो, म्हणजे दोन ट्यूबांतला माल सारखा घेऊन कालवायचा तो. पाच मिनिटांत बसणारा घेऊ नका, तीस मिनिटांचा घ्या. पाच मिनिटांवाल्यात तिसऱ्या बिजागरीपर्यंत पोहोचेस्तोवर वाटीत दगड तयार होतो.

शिवाय ड्रिल, ४.८ मिमीचं बिट, दात कोरायच्या काड्या, जुनं बनियन, स्पिरिट, आणि व्हॅसलीन. व्हॅसलीन किती? काडीच्या टोकावर मावेल इतकं. हे वाक्य मी ठळक अक्षरात लिहिणार होतो, पण इतर वाक्यांना वाईट वाटेल म्हणून राहू दिलं.

कृती

पायरी पहिली. पंखाच्या मागच्या कडेवर आणि एलेरॉनच्या पुढच्या कडेवर बरोबर मधोमध रेघ हवी. नजरेने मारू नका. लाकडाची एक छोटी पट्टी घ्या, तिच्या दोन टोकांना दोन खिळे ठोका आणि दोहोंच्या बरोबर मधे भोक पाडून पेन्सिलीचं टोक बसवा. ही पट्टी कडेवर ठेवून तिरकी फिरवा. दोन्ही खिळे कडेच्या दोन्ही अंगांना टेकले की पेन्सिल आपोआप मध्यावर येते. पुढे सरकवत न्यायचं, बस. इतकं सोपं आणि इतकं अचूक हत्यार ह्या छंदात दुसरं नाही, आणि ते फुकटात होत असल्यामुळे कुणाकडेही नसतं.

पायरी दुसरी. रेघेवर तीन खुणा करा. एक टोकाजवळ, एक आतल्या कडेजवळ, आणि एक जिथे सर्व्होचा, म्हणजे फळकूट हलवणाऱ्या छोट्या मोटरचा, दांडा एलेरॉनला ढकलणार आहे तिथे, कारण खरा जोर तिथे येतो. मग ड्रिल मारा. बाल्सा हे लाकूड वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने कठीण लाकडांत मोडतं, म्हणजे शास्त्रसुद्धा कधीकधी चेष्टा करतं. नखाने खड्डा पडतो त्याला. बिट एखाद्या मऊ शिरेत शिरलं की आपली वाट सोडून भलतीकडे जातं आणि पंखाच्या वरच्या अंगातून डोकं बाहेर काढतं, बहुधा गोल निळ्या चिन्हाच्या मध्यभागी.

पायरी दुसरी, पुन्हा. चुकलेल्या भोकात बाल्साची गोल काडी गोंद लावून बसवा, वाळू द्या, घासा आणि बाजूला नव्याने ड्रिल मारा. ह्या वेळी बिट आत शिरतं आणि पुढे काहीच लागत नाही. पंख पोकळ असतो. भोकाच्या मागे कठीण बाल्साचा ठोकळा आधीच बसवायचा असतो, पंखाची वरची कातडी लावायच्या आधी. हे नकाशात लिहिलेलं असतं. नकाशाचा तो कोपरा चहाच्या कपाखाली असतो. आता बोअर मारलं आणि पाणी लागलं नाही अशी अवस्था होते. त्या भोकात ओतलेला एपॉक्सी पंखाच्या पोटात जाऊन कुठेतरी वजन वाढवत बसतो. कातडी कापा, ठोकळा लावा, कातडी परत चिकटवा, रिव्हेट पुन्हा द्या.

पायरी दुसरी, तिसऱ्यांदा. ही तुमच्यावर सोपवतो.

पायरी तिसरी थोडक्यात. एलेरॉनची पुढची कड चौकोनी ठेवली तर ती पंखाला अडते आणि हलतच नाही. ती दोन्ही बाजूंनी उतरती तासा, किंवा स्केलच्या अभिमानाखातर गोल करा आणि सांधा त्या गोलाईच्या केंद्राशी येईल इतका आत बुडवा. फट कागदाइतकी दिसली पाहिजे, पैशाच्या नाण्याइतकी नाही. खऱ्या स्पिटफायरला तर ब्रिस्टल कंपनीच्या लेस्ली फ्रिसच्या नावाचे एलेरॉन होते. वर गेले की पुढची खालची कड पंखाच्या खाली डोकावते आणि वाऱ्याला मुद्दाम अडवते, म्हणजे वळताना विमानाचं नाक उलटीकडे ओढलं जात नाही. ज्यांना हेही हुबेहूब करायचंय त्यांनी हा लेख वाचू नये, लिहावा.

पायरी चौथी मला एका सुताराने शिकवली. पावसाने आमचं न्हाणीघराचं दार फुगलं होतं, ते तासायला सुतारमामा आले होते. टेबलावर एलेरॉन पडलेलं. तीनही बिजागऱ्या सुक्या बसवून मी ते पंखाला लावलं होतं आणि हलवून बघत होतो. हलत होतं, पण शेवटी थोडं अडत होतं. मामा रंधा खाली ठेवून बघत राहिले.

“साहेब, ह्या एका सुतात नाहीत.”

“थोडं कडक आहे, सुटेल हळूहळू.”

“सुटत नसतं ते. मधली अर्ध्या सुताने आत गेलीय. दाराला तीन बिजागऱ्या असल्या आणि एक जरी आत-बाहेर झाली तरी दार आपलं बोंबलत राहतं. मग माणूस दाराला तेल घालतो. तेलाने काय होणार?”

पेन्सिलीचं टोक थुंकीने ओलं करून त्यांनी मधल्या सांध्यापाशी खूण केली आणि दाराकडे परत गेले. तीनही पिना एका सरळ रेषेत हव्यात. नसल्या तर एलेरॉन जागच्या जागी वाकत राहतं, सर्व्हो आपला गुणगुणत जोर लावत राहतो आणि आतली बॅटरी तिथेच संपत जाते. बॅटरी संपली की रिसीव्हर बंद, आणि मग तुम्ही हातात दहा चॅनलचा ट्रान्समीटर धरून उभे असलेले एक सामान्य नागरिक उरता. म्हणून बसवण्याआधी एक लांब सरळ तार तीनही सांध्यांवर टेकवून बघा. माझी मधली बिजागरी खरंच अर्धं सूत आत होती.

पायरी पाचवी, गोंद. ही पायरी सावकाश वाचा. एपॉक्सी सांध्यात गेला तर पिन जाम होते आणि बिजागरीची खुंटी होते. म्हणून आधी सांध्यावर, फक्त सांध्यावर, काडीच्या टोकाने व्हॅसलीनचा बोटालाही लागणार नाही असा पुसट हात फिरवायचा. मग दुसऱ्या काडीने भोकात एपॉक्सी, दांडीच्या काट्यांवर एपॉक्सी, आणि दांडी आत. बाहेर आलेला एपॉक्सी स्पिरिटच्या फडक्याने लगेच पुसायचा. मग प्रत्येक बिजागरी पूर्ण घडी करून बघायची, म्हणजे पिन वाकडी फिरली असेल तर तिथल्या तिथे सरळ होते. एपॉक्सी बसेपर्यंत मधूनमधून एलेरॉन हलवत राहायचं.

मी कसं केलं तेही सांगतो, नमुना म्हणून. आधी तीनही दांड्या एलेरॉनमध्ये बसवल्या, एपॉक्सी लावून, अगदी शास्त्रशुद्ध. मग पंखात बसवायच्या वेळी व्हॅसलीन आठवलं. गेल्या हिवाळ्यातली डबी मिळाली. काडी मिळाली नाही. बोट होतंच. टीव्हीवर शेवटची दोन षटकं चालू होती. सांधा जाम होऊ नये ह्या बाबतीत मी अतिशय जागरूक होतो.

पायरी सहावी. चोवीस तासांनी एलेरॉन दोन्ही हातांनी पकडा आणि ओढा. भीतभीत नाही, गाईच्या तोंडातून हिरवा चारा ओढावा तसं ओढा. एका चौरस वितीच्या फळकुटावर ताशी शंभर किलोमीटरचा वारा जेवढा जोर लावतो त्याची ही रंगीत तालीम आहे. निघायचं असेल तर टेबलावर निघू दे. मी ओढलं नाही. ओढायला एलेरॉन घट्ट धरावं लागलं असतं आणि बोटांखाली रिव्हेट दबले असते.

पायरी सातवी. काठी उजवीकडे नेली की उजवं एलेरॉन वर गेलं पाहिजे. विमानाच्या मागे उभं राहून बघा. पुढे उभं राहून बघितलंत तर सगळं बरोबर दिसतं आणि विमान धावपट्टीच्या शेवटी पाठीवर झोपतं. ह्यावर अधिक लिहीत नाही. जे हे करतात ते वाचूनही करतात.

फडफड

बिजागरीत फट राहिली, दांड्यात ढिलाई राहिली की जे होतं त्याला फ्लटर म्हणतात. फळकूट जरा हललं की वारा त्याला ढकलतो, ते जास्त हलतं, मग वारा आणखी जोराने ढकलतो. पाळण्याला नेमक्या वेळी हिसडा देत गेलं तर पाळणा चढत जातो तसं. एका सेकंदाच्या आत पाळणा अंगणाबाहेर. ह्याचा आवाज खाली ऐकू येतो. उडत्या विमानातून एकदम कुणीतरी जाड कापड टराटरा फाडतंय असं वाटतं.

पूर्ण आकाराच्या विमानांनी हे आधीच भोगून ठेवलंय. १९१६ मध्ये हँडली पेज ओ/१०० ह्या ब्रिटिश बाँबफेकी विमानाची शेपटी हवेत थयथय नाचू लागायची. फ्रेडरिक लँचेस्टरला बोलावलं. त्याच्या ध्यानात आलं की डाव्या आणि उजव्या बाजूचे एलिव्हेटर आपापल्या तारांवर हलतात, एकमेकांशी घट्ट बांधलेले नाहीत. एक वर जात होता तेव्हा दुसरा खाली येत होता आणि दोघं मिळून शेपूट पिळत होते. उपाय म्हणून दोघांच्या मधे एक दणकट नळी घालून त्यांना एकत्र बांधलं. पुढच्या विमानांत एलेरॉन आणि एलिव्हेटरच्या पुढच्या बाजूला, बिजागरीच्या पुढे, शिशासारखी वजनं लावू लागले, म्हणजे फळकूट मागे जड राहत नाही आणि नाचायला कारण मिळत नाही. स्पिटफायरचं वेगळंच दुखणं होतं. सुरुवातीला त्याच्या एलेरॉनवर कापड होतं. जोराच्या वेगात ते फुगायचं आणि काठी इतकी जड व्हायची की वैमानिकाला दोन्ही हातांनी ढकलावी लागे. १९४१ मध्ये कापड जाऊन पत्रा आला आणि तेव्हा कुठे विमान हाताला आलं. म्हणजे स्पिटफायरसारखं स्पिटफायर, तेही अडलं ते एलेरॉनपाशीच. माझ्या विमानावरचे पत्र्यासारखे दिसणारे एलेरॉन इतिहासाला धरून होते. त्यांवर रिव्हेटही होते.

उड्डाण

नोव्हेंबरातला रविवार, पुण्याबाहेरचा माळ, सकाळी आठ. वारा नाही. माळाच्या पलीकडे पुरुषभर उंच ऊस. विमान छान उठलं. एक फेरी, दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीला मला मोह झाला. लढाऊ विमान आहे, एकदा तरी धावपट्टीवरून जोरात, खालून न्यावं. नाक खाली केलं, थ्रॉटल पुढे. डोळ्यांसमोरून निळ्यातला निळा गोल गेला आणि कापड फाटल्याचा आवाज आला. उजव्या पंखापासून एक पट्टी सुटली, दोनदा चमकली आणि उसात गेली. पाठोपाठ विमान डाव्या कुशीवर वळून त्याच उसात. उसाला आवाज कमी होतो, हे एक बरं.

मंडळी जमली. विमान पडलं की पहिल्या मिनिटात दोष रेडिओला द्यायचा असतो, हा शिष्टाचार मी पाळला. दुसऱ्या मिनिटाला वाऱ्याला दिला, जो नव्हता. मग एपॉक्सीला. ह्या शेवटच्या बाबतीत मी इतिहास काढला. मॉस्किटो हे दुसऱ्या महायुद्धातलं प्लायवूड-बाल्साचं विमान. १९४४ च्या अखेरीस भारत-ब्रह्मदेशातल्या मॉस्किटोंना जमिनीवर बसवून ठेवावं लागलं होतं, कारण पंखांचे सांधे सुटत होते. आपल्या पावसाळ्यात परदेशी गोंदाचं असंच होतं, असं मी सांगितलं. त्या प्रकरणात कारण हवामान की कारखान्यातली ढिलाई ह्यावर खुद्द तपास करणाऱ्यांतच एकमत नव्हतं, हे मी सांगितलं नाही. सगळ्यांना पटलं. ऐंशी वर्षांपूर्वीच्या विमानांनी माझी बाजू घेतल्यावर माझाही माझ्यावर विश्वास बसला.

तीन तास शोधून विमान मिळालं. डावा पंख चुरा, नाक जमिनीत. उजवा पंख बऱ्यापैकी शाबूत होता. त्याच्या मागच्या कडेला तीन गोल भोकं होती. मी त्यांत डोकावलो नाही. एलेरॉन मिळालंच नाही. शेतमालक दादांना नंबर देऊन आलो.

फेब्रुवारीत फोन आला.

“सर, ऊस तुटला. तुमची फळी घावली.”

गेलो. दादा बांधावर बसले होते, मांडीवर माझं एलेरॉन. रंग उडालेला, कडा कुरतडलेल्या, पण रिव्हेट ओळीने जिथल्या तिथे. पुढच्या कडेतून बिजागऱ्यांच्या तीन दांड्या सरळ बाहेर आलेल्या, एका सुतात. काट्यांवर एपॉक्सीचा कण नव्हता. पाचटाचा भुसा मात्र बसला होता, पिठात घोळवल्यासारखा. दादांनी अंगठ्याने भुसा पुसला तसं खालचं नायलॉन चकाकलं. बोट चोळून त्यांनी वास घेतला, आणि एक दांडी वर-खाली करून पाहिली. लोण्यासारखी हलत होती.

“हिला काय तूपबीप लावलं हुतं का?”

“व्हॅसलीन,” मी म्हणालो.

“आमी बी लावतो बैलाच्या खांद्याला,” दादा म्हणाले आणि दांडी आणखी दोनदा हलवून बघितली. “लय गुणाचं.”